फर्लोवर गेलेले ह्यूमसाहेब

श्रोतेहो, बीडहून पश्चिमेची वाट धरली, कीं बालाघाटाचा चढ चढून, पाटोदा, आष्टी आणि कडा हीं गांवें मागें टाकीत आपण नगरच्या हद्दींत शिरतों. आज या वाटेनें जाणाऱ्यास एक जिल्हा संपून दुसरा केव्हां लागला हें पाटी वाचल्यावांचून कळत नाहीं. आणि २०२२ पासून तर नगरहून आष्टीपर्यंत आगगाडीही येऊं लागली. परंतु १९४८ पर्यंत ही दोन राज्यांमधली सीमा होती. अलीकडे निजामाची मोगलाई, पलीकडे इंग्रजी अंमल, मध्यें करोडगिरीचा नाका. इकडे हाली शिक्का चाले, तिकडे कलदार. बोली मात्र दोहींकडे एकच, सोयरिकी एकमेकांत आणि देवदेवस्कीही एकच. या टापूंतल्या गांवांतून, पिकें खळ्यावर आलीं म्हणजे, बैलगाडींत तंबू आणि पुस्तकांची पेटी घालून फिरणारा गोरा पाद्री एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लोकांच्या चांगल्या परिचयाचा झाला होता. तो मराठी बोले, चावडीपुढें किंवा महारवाड्यांत बसून आपल्या धर्माचें सांगे, एखादी शाळा काढी, आणि पुढच्या गांवीं जाई. हा पाद्री बहुधा अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, अमेरिकन मराठी मिशनचा असे.

त्याच्याविषयीं आपल्या लोकांनीं बरें-वाईट पुष्कळ बोलून ठेवलें आहे. पण एक प्रश्न क्वचितच कोणी विचारला: याचें पोट कोण भरतो? सरकार भरतें, असा पुष्कळांचा समज होता. तो खरा नव्हता. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॅडफर्ड येथें १८१० मध्यें स्थापन झालेल्या ‘अमेरिकन बोर्ड’ नांवाच्या संस्थेकडून त्यास पगार येई. आणि त्या बोर्डाची तिजोरी भरत असे ती खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या वर्गणीनें. शेतकरी, दुकानदार, शाळामास्तरीण, विधवा बाई आणि रविवारच्या शाळेंतलीं मुलें, यांचीं तीं नाणीं. हे दाते हिंदुस्थानांत कधीं येणार नव्हते. आपला पैसा कोठें जातो हें त्यांस समजण्याचे मार्ग दोनच. एक, बोर्डाचें मासिक आणि त्यांत छापून येणारीं पत्रें. हीं पत्रें महिन्याच्या पहिल्या सोमवारीं प्रार्थनासभेंत वाचून दाखविण्याची चाल होती. दुसरा मार्ग म्हणजे फर्लोवर आलेला मिशनरी स्वतः. आठ-दहा वर्षें परदेशांत काढून तो मायदेशीं आला, कीं विसावा घेण्याऐवजीं त्यास गांवोगांव हिंडून, पोषण करणाऱ्या त्या मंडळ्यांपुढें उभें राहून, आपल्या कामाचा जबाब द्यावा लागे. आमच्याकडे हिंडतांना तो सांगणारा असे. तिकडे हिंडतांना, दिसायला सांगणाराच, पण खरें पाहतां मागणारा. या दुसऱ्या प्रकारच्या भ्रमंतीचा इतिहास आपल्याकडे कोणी फारसा पाहिलेला नाहीं. तो पाहण्याजोगा आहे, कारण त्यांत एकदां आपल्या इकडच्या माणसांच्या मनांतली एक शंका थेट अमेरिकेंत जाऊन पोंचली, आणि तिच्यापायीं नगरच्या एका पाद्र्याची परत येण्याची वाट अडली.

आरंभीं आरंभीं तर फर्लो ही गोष्टच नव्हती. मिशनरी घर सोडी तो जन्माचें सोडी. १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरलेल्या गॉर्डन हॉल याची हकीकत प्रसिद्ध आहे. १८२५ मध्यें मुलांच्या प्रकृतीस्तव त्याची पत्नी दोघां मुलांना घेऊन अमेरिकेस निघाली. हॉलनें मात्र काम टाकून जाणें उचित मानलें नाहीं. दोघां मुलांपैकीं थोरला वाटेंतच जहाजावर वारला, आणि पुढच्याच वर्षीं, १८२६ च्या मार्चांत, नाशिककडे फिरतीवर असतां हॉलला पटकीनें गांठलें. शिडाचें जहाज आफ्रिकेच्या टोंकाला वळसा घालून जाई. चार-चार महिने पाण्यावर काढावे लागत. अशा प्रवासाला रजा म्हणणें म्हणजे थट्टाच. तरी हळूहळू प्रकृतीच्या कारणानें लोक जाऊं-येऊं लागले. १८२७ मध्यें मुंबईस आलेली सिंथिया फॅरार ही कुमारिका १८३७ मध्यें स्वदेशीं गेली आणि १८३९ मध्यें परत येऊन नगरला मुलींच्या शाळा चालवूं लागली. तिच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यांत मुलींची शाळा काढण्याची स्फूर्ति झाली, आणि सावित्रीबाईंनीं अध्यापनाचे धडे तिच्याचपाशीं घेतले, हें श्रोत्यांस ठाऊक असेलच. फॅरारबाई दोन वर्षें अमेरिकेंत राहून परत न येती, तर आपल्या इकडच्या स्त्रीशिक्षणाच्या इतिहासांतलें एक पान कोरें राहिलें असतें. १८६९ मध्यें सुवेझचा कालवा खुला झाला, आगबोटी आल्या, आणि मग फर्लो हा मिशनरीच्या आयुष्यांतला ठराविक टप्पा बनला.

आतां या फर्लोवाल्याची अडचण ध्यानीं घ्या. समोर बसलेल्या मंडळीनें काटकसर करून पैसे दिलेले. तिला आपल्या दानाचें फळ पाहायचें असे, आणि दान अजून कां हवें हेंही कळायचें असे. फळ फार मोठें सांगितलें, तर दाता म्हणेल, आतां आमची गरज काय उरली? कांहींच नाहीं असें सांगितलें, तर म्हणेल, मग पैसा व्यर्थ गेला. यांतून निघण्याची सोपी वाट म्हणजे आमच्या देशाचें चित्र शक्य तितकें काळें रंगविणें. मूर्ति, सती, बालविधवा, मगरीपुढें मूल टाकणारी आई. हें सगळें तेथील व्याख्यानांतून आणि रविवारच्या शाळांच्या पुस्तकांतून सजून निघे. सगळेच मिशनरी असें करीत असें मी म्हणत नाहीं. पण दानपेटी व्यासपीठाजवळ असली, म्हणजे व्यासपीठावरच्या माणसाची जीभ पूर्ण मोकळी राहत नाहीं, हा अनुभव आपल्याकडच्या कीर्तनकारालाही असतो.

ज्या गृहस्थांची हकीकत मी सांगणार आहें त्या रॉबर्ट ॲलन ह्यूम यांच्या बाबतींत ‘मायदेश’ हा शब्दच जरा जपून वापरला पाहिजे. त्यांचा जन्म १८ मार्च १८४७ रोजीं मुंबईस झाला. वडील रॉबर्ट विल्सन ह्यूम हेही याच मिशनचे. नगरला १८४२ मध्यें निघालेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राचें संपादन त्यांनीं पुढें मुंबईस केलें. प्रकृति ढांसळली म्हणून १८५४ मध्यें ते अमेरिकेस निघाले, आणि वाटेंत समुद्रावरच निवर्तले. म्हणजे या घरानें फर्लोची पहिली किंमत अशी मोजली. सात वर्षांचा रॉबर्ट पुढें अमेरिकेंत वाढला, येल विद्यापीठांत आणि मग अँडोव्हरच्या धर्मविद्यालयांत शिकला, आणि १८७४ मध्यें आपल्या जन्मभूमीस परत आला. त्यांची नेमणूक नगरला झाली. तेथें १८७८ मध्यें त्यांनीं देशी उपदेशक तयार करणारें धर्मविद्यालय काढलें. खेड्यांतून आलेल्या, घरीं शेतमजुरी किंवा गांवकी करणाऱ्या बापांच्या मुलांना या विद्यालयांत मराठींतून शिकवीत. आणि शिकवितां शिकवितां शिक्षकालाही त्या मुलांच्या शंकांना उत्तरें देणें भाग पडे.

यांतली एक शंका अशी होती, कीं तिला उत्तर देतांना जगांतला कोणताही मिशनरी अडखळावा. ‘साहेब, तुम्ही सांगतां तें आम्हांला पटलें. येशूवांचून तारण नाहीं. मग आमचे आजे-पणजे, ज्यांनीं हें नांवही ऐकलें नाहीं, ते आतां कोठें आहेत?’ आपल्या समाजांत हा प्रश्न विचारणारा माणूस पंडित असावा लागत नाहीं. भाद्रपदांतल्या वद्य पक्षाला आमच्याकडच्या खेड्यांत पितरपाठ म्हणतात. त्या पंधरवड्यांत ज्याच्या घरीं मूठभर धान्य आहे तो पितरांना घांस काढून ठेवतो. ज्यांना शक्य असतें ते गोदाकांठीं पैठणला जाऊन पिंड देतात. ज्यांना गांवाच्या पाणवठ्यावर पायही ठेवूं देत नसत त्या वस्त्यांतसुद्धां वाडवडिलांचा घांस चुकत नसे. मेलेल्यांशीं नातें तुटत नाहीं, अशी ज्या लोकांची घट्ट समजूत, त्यांना तुमचे सारे पूर्वज कायमचे नरकांत आहेत असें सांगणें म्हणजे नव्या धर्माच्या उंबरठ्यावरच त्यांस आईबापांचा हात सोडायला लावणें. आणि नगर-बीडकडे ख्रिस्ती झालेल्यांत बहुसंख्य लोक महार-मांगांपैकीं होते. ज्यांच्या वाडवडिलांना या जन्मीं कांहींच मिळालें नव्हतें, त्यांना पुढच्या जगींही कांहीं नाहीं, हें कोणत्या तोंडानें सांगावें?

हा पेंच नवा नव्हता. जुन्या गोव्यांत ज्यांचा देह ठेवलेला आहे ते फ्रान्सिस झेवियर जपानांत गेले होते. तेथें नवीन ख्रिस्ती झालेले लोक आपल्या पूर्वजांना सुटका नाहीं हें ऐकून रडत असत, असें त्यांनीं १५५२ मधल्या एका पत्रांत लिहिलें आहे. आणि तें पाहून आपल्यालाही दुःख होई हें त्यांनीं लपविलेलें नाहीं. तरी झेवियर यांनीं शिकवण बदलली नाहीं. ह्यूम यांचा काळ तीन शतकांनंतरचा होता, आणि तोंवर अमेरिकेंतच या प्रश्नानें पेट घेतला होता.

तो पेटला कोठें, तर नेमका अँडोव्हरला. हें विद्यालय म्हणजे अमेरिकन मराठी मिशनचें आजोळच म्हटलें पाहिजे. हॉल आणि त्याचे सोबती तेथलेच विद्यार्थी. तेथल्या तरुणांनीं विनंती केली म्हणूनच १८१० मध्यें बोर्ड जन्मास आलें. १८८५-८६ च्या सुमारास तेथल्या प्राध्यापकांनीं आपल्या नियतकालिकांत एक कल्पना मांडली: ज्यांस या जन्मीं ख्रिस्ताचें नांव कधीं ऐकायला मिळालें नाहीं, त्यांस मरणानंतर एक संधि ईश्वर देत असेल, असें मानण्यास हरकत नसावी. जुन्या मताच्या लोकांनीं एकच हलकल्लोळ केला. प्राध्यापकांवर पाखंडाचा खटला झाला. तो पुढें कोर्टांत जाऊन कित्येक वर्षें चालला. या भांडणाच्या मुळाशीं धर्मशास्त्र होतें हें खरें, पण त्यांत तिजोरीही होती. विरोधकांचा युक्तिवाद असा, कीं परदेशांतल्या कोट्यवधि लोकांना मेल्यावर संधि मिळणारच असेल, तर येथला शेतकरी आपलें नाणें कशासाठीं देईल आणि येथला तरुण आपला जीव कशासाठीं धोक्यांत घालील? दरक्षणाला हजारों आत्मे नाशाकडे चालले आहेत, ही भीतिच ज्या मिशनकार्याचा आधार समजली जात होती, तो आधारच सुटेल. बोर्डाचे गृहचिटणीस एडमंड आल्डन हे या मताचे कट्टर पुरस्कर्ते. नवीन उमेदवारांस बोर्डांत घेतांना ते या मुद्द्यावर बारकाईनें तपासूं लागले होते.

अशा वेळीं १८८६ मध्यें ह्यूम फर्लोवर अमेरिकेंत होते. उन्हाळ्यांत अँडोव्हरच्या माजी विद्यार्थ्यांचें वार्षिक भोजन झालें. तेथें त्यांस बोलण्यास सांगितलें. अशा प्रसंगीं फर्लोवाल्यानें काय बोलावें हें ठरलेलें असे: उन्हाचा ताप, भाषेची अडचण, दोन-तीन हृदयद्रावक प्रसंग आणि शेवटीं मदतीचें आवाहन. ह्यूम यांनींही तेवढेंच सांगितलें असतें, तर कोणी त्यांस दोष दिला नसता. पण ते वादाच्या मुद्द्यावरच बोलले. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता, कीं ही मरणोत्तर संधीची कल्पना मिशनकार्यास घातक आहे असें जें येथें सांगण्यांत येतें, तें हिंदुस्थानांतल्या अनुभवाशीं जुळत नाहीं. उलट, पूर्वजांविषयीं विचारणाऱ्या माणसापुढें अशी आशा ठेवतां येणें हें साह्यकारक आहे. आपण हें मत प्रचाराच्या व्यासपीठावरून शिकवीत नाहीं, हेंही त्यांनीं पुढें स्पष्ट केलें.

माझ्या मतें या प्रसंगाचें महत्त्व लोकांनीं पुरतें ओळखलेलें नाहीं. अँडोव्हरच्या प्राध्यापकांचें बोलणें झालें तें पुस्तकी; त्यांनीं महारवाडा पाहिलेला नव्हता. ह्यूम यांनीं मात्र दात्यांच्या सभेंत याचकाचा प्रश्न उभा केला. आतांपर्यंत फर्लोवाला अमेरिकेला आमची दुर्दशा सांगे. आमची शंका त्यानें तेथें जाऊन सांगितली, आणि ती रास्त आहे असें म्हटलें, हें क्वचितच घडलें असेल. इतकें असूनही त्यांस बंडखोर म्हणणें योग्य होणार नाहीं. ते स्वभावानें सौम्य होते, बोर्डाशीं एकनिष्ठ होते, आणि हिंदूंनीं ख्रिस्ती व्हावें यासाठींच त्यांनीं सारें आयुष्य वेंचलें. तें उद्दिष्ट ज्यांस मान्य नाहीं त्यांनींही एवढें पाहावें, कीं आपल्या शिष्यांच्या मृत आईबापांविषयीं हा मनुष्य आपल्याच धन्याच्या दारांत बोलला.

परिणाम व्हायचा तोच झाला. बोर्डाच्या कार्यकारी समितीनें त्यांस नगरला परत जाण्याची परवानगी रोखून धरली. बारा वर्षें काम केलेल्या, मराठी मातृभाषेप्रमाणें येणाऱ्या माणसास, तूं योग्य आहेस कीं नाहींस याचा विचार करूं, असें सांगण्यांत आलें. पत्रव्यवहार लांबला. वर्तमानपत्रांतून टीका-प्रतिटीका झाली. १८८६ च्या ऑक्टोबरांत डी मॉइन येथें भरलेल्या बोर्डाच्या वार्षिक सभेंत हाच विषय गाजला. इकडे हिंदुस्थानांतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्यांच्या बाजूनें लिहिलें. त्यांत त्यांच्याहून जुन्या मताचे लोकही होते, ही गोष्ट मला मोठी हृद्य वाटते. एका ताटांत जेवणाऱ्यांस एकमेकांचें मत पटावेंच असें नाहीं, पण माणूस ओळखतां येतो. अखेर १८८७ मध्यें समितीनें वाट मोकळी केली आणि ह्यूम नगरला परतले. वडाळ्याचे मिशनरी सॅम्युएल फेअरबँक यांची, याच मुलखांत वाढलेली, कन्या त्यांची द्वितीय पत्नी झाली.

त्या एका माणसास परवानगी मिळाली म्हणून वाद मिटला असें नव्हे. डब्ल्यू. एच. नॉइज नांवाच्या तरुणास याच मतामुळें बोर्डानें नाकारलें, तेव्हां बॉस्टनच्या एका मंडळीनें त्यास स्वतःच्या खर्चानें जपानला पाठविलें. १८९३ मध्यें बोर्डानें अखेर त्यास आपला मिशनरी म्हणून पत्करलें. आल्डनही त्याच वर्षीं पायउतार झाले. गंमत अशी, कीं विरोधकांचें भाकित मुळींच खरें ठरलें नाहीं. भीति ओसरली तरी दानपेटी रिकामी झाली नाहीं.

याच दिवसांत अमेरिकेंत आणखी एक मराठी आवाज घुमत होता, त्याचा उल्लेख येथें केल्यावांचून राहवत नाहीं. आनंदीबाई जोशांच्या पदवीदान समारंभास, म्हणजे ११ मार्च १८८६ ला, फिलाडेल्फियांत हजर राहण्यासाठीं पंडिता रमाबाई गेल्या, त्या १८८८ च्या अखेरीपर्यंत त्या देशांत हिंडत राहिल्या. त्यांचाही प्रवास अमेरिकन मंडळ्यांपुढें बोलण्याचा आणि साह्य मागण्याचा. परंतु त्या कोणत्याही बोर्डाच्या नोकर नव्हत्या. त्यांनीं स्वतःचें पुस्तक लिहून विकलें, दात्यांची स्वतंत्र संस्था बॉस्टनला उभी करविली, दहा वर्षांच्या साह्याचें वचन घेतलें, आणि १८८९ च्या मार्चांत मुंबईस शारदासदन उघडलें. याचना तीच, पण बोलण्याच्या अटी त्यांच्या स्वतःच्या. ह्यूम यांना जी किंमत द्यावी लागली ती रमाबाईंना, निदान त्या वेळीं, द्यावी लागली नाहीं. पुढें त्यांच्याही दात्यांत आणि त्यांच्यांत काय काय झालें तो विषय वेगळा आहे.

ह्यूम यांची पुढली फर्लो १८९३-९४ ची. शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेंत त्यांनीं ख्रिस्ती आणि हिंदु विचारांत साम्य कोठें आहे आणि विरोध कोठें, यावर निबंध वाचला. त्याच परिषदेंत स्वामी विवेकानंद गाजले. त्यानंतर विवेकानंद अमेरिकेच्या शहरांतून व्याख्यानें देत फिरूं लागले, आणि मिशनरी मंडळी तुमच्या देशाविषयीं जीं चित्रें रंगवितात तीं खोटीं आहेत, हें त्यांनीं सभांतून उघड सांगण्यास आरंभ केला. मगरीपुढें मुलें टाकणाऱ्या आयांविषयीं त्यांस श्रोते खरोखरच प्रश्न विचारीत. म्हणजे ज्या सभागृहांतून फर्लोवाले दान मागत आले, त्याच सभागृहांत आतां ज्याच्याविषयीं बोलायचें तोच मनुष्य उभा राहिला. १८९४ च्या मार्चांत ह्यूम यांनीं विवेकानंदांस पत्र लिहून मिशनऱ्यांवरील टीका अन्यायाची असल्याचें कळविलें. पत्राच्या मायन्यांत त्यांनीं त्यांस हिंदुस्थानांतले आपले देशबंधु म्हटलें. मुंबईंत जन्मलेल्या माणसानें तें म्हणणें स्वाभाविकच होतें.

विवेकानंदांचें उत्तर डेट्रॉइटहून आलें, आणि तीं पत्रें तेथल्या वृत्तपत्रांत छापून निघालीं. आपण कोणत्याही धर्मसंस्थापकाविरुद्ध शब्द काढलेला नाहीं. मिशनरी आमच्या भाषा मुळीं शिकतच नाहींत असें आपलें म्हणणें नाहीं, पण संस्कृताकडे लक्ष देणारे विरळा, असें त्यांनीं कळविलें. मात्र खरा घाव मायन्यावरच घातला. आपणांस देशबंधु म्हटल्याचा त्यांनीं आनंद दर्शविला. हिंदुस्थानांत जन्मला असला तरी कोणा परकीयानें असें म्हणण्याचें धाडस प्रथमच केलें आहे, असें लिहिलें. आणि विचारलें, कीं हेंच आपण हिंदुस्थानांत म्हणूं शकाल काय?

हा प्रश्न अन्यायाचा होता काय? कांहीं अंशीं होता. नगरच्या धर्मविद्यालयांत ज्यांच्या मांडीस मांडी लावून ह्यूम बसत, त्यांस स्पर्श करण्यास पुष्कळ देशबंधु तयार नव्हते. पण प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग खराच होता. मिशनच्या बंगल्यांत पगाराची रक्कम, निर्णयाचा अधिकार आणि बसण्याची खुर्ची, या तिन्ही गोष्टी गोऱ्या आणि काळ्या माणसांस सारख्या नव्हत्या. पैसा ज्या मंडळ्यांकडून येई त्यांच्यापुढें जबाब देण्यास जाणारा माणूस नेहमीं गोराच असे. देशी उपदेशकास आपल्या दात्यापुढें बोलण्याची संधि फार उशिरा मिळाली.

त्यानंतर पांच-सहा वर्षांतच असा प्रसंग आला, कीं त्यापुढें मतामतांचीं भांडणें क्षुल्लक वाटावींत. १८९९ च्या पावसानें दगा दिला. छपन्नचा दुष्काळ म्हणून जो जुन्या माणसांच्या बोलण्यांत येई, तोच हा; शके नव्हे, संवत १९५६. आमच्या बीड जिल्ह्याची दशा काय झाली तें खानेसुमारीचे आंकडे सांगतात: १८९१ मध्यें जेथें ६ लक्षांवर वस्ती होती, तेथें १९०१ मध्यें ती ५ लक्षांच्याही खालीं आली. कोणी मेले, कोणी परागंदा झाले. करोडगिरीच्या नाक्याला भुकेल्या माणसास अडवितां येत नाहीं. या दुष्काळांत अमेरिकेंतून जो पैसा आणि धान्य पश्चिम हिंदुस्थानांत आलें, त्याच्या वांटपांत ह्यूम हे प्रमुख होते. त्याबद्दल त्यांस सरकारनें कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिलें. ‘ख्रिश्चन हेरल्ड’ नांवाच्या साप्ताहिकाच्या वाचकांनीं वर्गणी जमवून ‘क्विटो’ जहाजांतून सुमारें २ लक्ष बुशेल मका मुंबईस धाडला, तो १९०० सालींच. ज्वारी-बाजरीच्या मुलखाला तो मका परकाच. पण पोटाला परकें कांहीं नसतें. वर्षानुवर्षें गांवोगांव हिंडून फर्लोवाल्यांनीं जीं ओळखीचीं दारें तयार करून ठेवलीं होतीं, तीं त्या वर्षीं ठोठावतां क्षणीं उघडलीं, असें म्हणण्यास हरकत नाहीं. त्या भ्रमंतीवर आपण हवे तेवढे आक्षेप घेऊं. मीही वर घेतलेच आहेत. परंतु जीं मुलें त्या दाण्यावर जगलीं त्यांच्या नातवंडांपुढें ते आक्षेप जरा हळू आवाजांत घ्यावे लागतील.

दात्याच्या पैशाचा भार मात्र उतरला नाहीं. आणि तो ज्यांस सर्वांत अधिक टोंचला त्यांत ह्यूम यांचे सहकारी कवि नारायण वामन टिळक होते. १८९५ मध्यें मुंबईस बाप्तिस्मा घेतांना, तो गोऱ्या मिशनरीच्या हातून न घेतां देशी पाळकाच्या हातून घेण्याचा आग्रह त्यांनीं धरला होता. पुढें ते नगरला आले, धर्मविद्यालयांत शिकवूं लागले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रें’त ह्यूमसाहेबांचा वावर त्यामुळेंच आहे. १९१७ मध्यें टिळकांनीं मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. ज्याचा पैसा त्याची आज्ञा, हा संबंधच त्यांनीं आपल्यापुरता तोडून टाकला. ह्यूम यांना तो तोडतां आला नाहीं; त्यांनीं तो आंतून थोडा रुंद केला. १९०४-०५ च्या फर्लोंत त्यांनीं अमेरिकेंतल्या धर्मविद्यालयांतून व्याख्यानें दिलीं, तीं १९०५ मध्यें पुस्तकरूपानें निघालीं. हिंदुस्थानच्या धर्मेतिहासावर त्यांचें दुसरें पुस्तक १९११ मध्यें आलें. ज्या व्यासपीठांवर १८८६ मध्यें त्यांच्या योग्यतेची चौकशी झाली होती, त्याच वर्तुळांत आतां हिंदूंच्या विचारांतहि ईश्वराचा हात दिसतो असें ते सांगूं शकत होते, आणि त्यांस कोणी अडविलें नाहीं. याच घराण्यांतल्या रॉबर्ट अर्नेस्ट ह्यूम यांनीं तेरा उपनिषदांचें इंग्रजी भाषांतर १९२१ मध्यें प्रसिद्ध केलें. वडिलांच्या पिढींत ज्या ग्रंथांचें नांव मूर्तिपूजेच्या यादींत येई, तेच ग्रंथ.

बावन्न वर्षांच्या सेवेनंतर ह्यूम १९२६ मध्यें निघाले. या वेळीं फर्लो नव्हती. परतीची वाट पाहणारें कोणी बोर्ड नव्हतें आणि परवानगीचाही प्रश्न नव्हता. १९२९ मध्यें त्यांचें अमेरिकेंत देहावसान झालें. त्यांच्या नांवाचें ह्यूम मेमोरियल चर्च नगरांत आहे. आष्टी-कड्याकडून बाजाराला येणारा माणूस त्यावरून जातो. तें नांव कोणाचें, हें त्यास बहुधा ठाऊक नसतें.